जिवाणीचा बॅरल

काचेला भोक पाडताना बोलायचं नसतं, असं मी काकांना तिसऱ्यांदा सांगत असतानाच काच तडकली.

काकांनी ड्रिल मशीन बंद केलं, तडक बोटानं चाचपली आणि टाकी भिंतीला टेकवून ठेवली. तिथं आधीच्या दोन होत्या. मग चौथी टाकी पुढ्यात ओढत ते म्हणाले, "श्रेण्या, आता तू पलीकडं जाऊन सांग."

मी पलीकडं गेलो आणि चौथ्या टाकीला सरळ भोक पडलं. याचं श्रेय मी माझ्या सूचनांना दिलं.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि इचलकरंजीत भरतेशकाकांकडे राहायला होतो, कारण डिप्लोमाचे माझे दोन विषय राहिले होते. दोन विषय राहिलेल्या माणसाला जगातल्या उरलेल्या सगळ्या विषयांची माहिती असते, त्यामुळं घरात माझ्याशिवाय शहाणं कुणी नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. काकांचे आठ माग भंगारात गेले होते. शेड रिकामी होती. तिच्यात आता लोखंडी अँगलची तीन मजली मांडणी उभी होती आणि तिच्यावर माशांच्या बारा टाक्या बसणार होत्या. एंजल मासे वाढवायचे आणि मिरजेच्या मुल्लाणींना घाऊक द्यायचे, असा बेत होता.

बेत फसला तर काय, तेही ठरलेलं होतं. पलीकडच्या गल्लीत जिनगोंडा खोतांची शेड होती. जिनगोंडा आणि काका वीस वर्षं एकमेकांचे कामगार पळवत आले होते. काकांचे माग गेल्यावर जिनगोंडा स्वतः घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "भरतेश, जॉबरची जागा रिकामी हाय. आपला माणूस म्हणून आधी तुला विचारायलोय." जॉबर म्हणजे दुसऱ्याचे माग सांभाळणारा पगारी माणूस. जिनगोंडा गेल्यावर काकांनी त्यांचा कप स्वतः विसळला, आणि हे काम त्यांनी त्याआधी कधी केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बारा टाक्यांना बारा फिल्टर परवडत नाहीत. म्हणून सम्प करायचा होता. सगळ्या टाक्यांचं जादा पाणी भोकातून एका पाइपात पडायचं, पाइपातून खाली बॅरलमध्ये, तिथं गाळून स्वच्छ व्हायचं आणि मोटरनं पुन्हा वर जायचं. इतकी साधी गोष्ट. ही मी काकांना तीन व्हिडिओ दाखवून समजावली. त्यांनी तिन्ही व्हिडिओ आवाज बंद करून पाहिले.

"गाळायला आत काय घालायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सिरॅमिकच्या खास रिंगा मिळतात, परदेशी. काका उठले आणि माळ्यावरून एक पोतं ओढून आणलं. त्यात कांड्या होत्या. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सूत गुंडाळायची प्लॅस्टिकची नळी. माग गेले होते, कांड्या कुणी घेत नव्हतं, अशी सहा पोती पडून होती.

"ह्या घालू. खाचा हायत ह्यांना. घाण धरून ठेवतील."

मी हसलो. डिप्लोमाच्या माणसाला येतं तसं हसू. सहा पोती कांड्या बॅरलमध्ये ओतताना मी मनातल्या मनात या माणसाचे माग का बंद पडले याचा अहवाल लिहीत होतो.

पण खरी अडचण काका नव्हते. खरी अडचण त्रिशलाकाकू होती.

आम्हा जैनांत पाणी गाळूनच प्यायचं. दुहेरी कापड हंड्यावर बांधायचं, पाणी गाळायचं आणि कापडात जे अडकलं ते फेकायचं नाही. त्यात जीव असतात. ते कापड त्याच पाण्यात हलक्या हातानं उलटं विसळून, त्यांना जिथून आले तिथं परत सोडायचं. या परत सोडण्याच्या पाण्याला जिवाणी म्हणतात. विहिरी होत्या तेव्हा लोक जिवाणी विहिरीत सोडत. काकू ती अंगणातल्या हौदात सोडायची, कारण नळाचं पाणी आधी तिथं यायचं. मी एकदा तिला म्हटलं होतं की हौदातलं पाणी नळाचं, नळाचं टाकीतलं आणि टाकीतलं नदीचं, तेव्हा हिशेबानं तू रोज नदीवर जायला हवंस. ती म्हणाली होती, "माझा हात हौदापर्यंत पोचतो." मग तिनं मला गवारी निवडायला बसवलं होतं.

सम्प जवळजवळ तयार झाला तेव्हा ती शेडच्या दारात आली. पदराला हात पुसत तिनं सगळे पाइप कुठून कुठं जातात ते नजरेनं चालून पाहिलं आणि बॅरलच्या तोंडावर बांधलेल्या गाळायच्या फडक्यापाशी थांबली.

"ह्या फडक्यात काय अडकणार?" तिनं विचारलं.

"घाण," मी म्हणालो.

"आणि ती कुठं जाणार?"

"गटारीत."

"मग मला चालायचं नाही," काकू म्हणाली आणि आत निघून गेली.

घाण गाळून ती पुन्हा त्याच पाण्यात सोडणारा फिल्टर म्हणजे काय, हे मी काकांना समजावलं. केर काढून तो पुन्हा घरात पसरण्यासारखं आहे, म्हणालो. काका पान्ह्यानं एक नट आवळत होते. तो आवळून झाल्यावर म्हणाले, "केर काय जिवंत असतोय व्हय?"

दोन दिवस काम बंद राहिलं. या दोन दिवसांत नवरा-बायकोत जे बोलणं झालं ते माझ्या कानावर स्वयंपाकघरातून तुकड्या-तुकड्यानं आलं, आणि एवढी बिनकामाची चर्चा मी आजवर कॉलेजच्या बैठकीतसुद्धा ऐकलेली नाही. काकांनी तोडगा काढला होता. सम्पच्या शेजारी आणखी एक बॅरल ठेवायचा, पाइपनं जोडायचा आणि काकूनं जिवाणी त्यात सोडायची. प्रश्न असा होता की तो बॅरल म्हणजे तेच पाणी का दुसरं पाणी. काका म्हणत, पाइपनं जोडलं की एकच विहीर. काकूचं म्हणणं, पाइपला कॉक आहे, कॉक बंद केला तर दोन विहिरी. शेवटी काकांनी कॉक काढून टाकला आणि नुसता पाइप ठेवला. काकूनं वाकून पाइपात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "आता एक."

अशा तऱ्हेनं आमच्या फिल्टरला, बहुधा जगात पहिल्यांदाच, घाण सांभाळून ठेवायचा बॅरल बसला.

चाचणीच्या दिवशी मी बटण दाबलं. पाणी वर गेलं, बाराही टाक्यांतून खाली आलं, मी टाळ्या वाजवल्या आणि लाइट गेली. लाइट जाणार हे माझ्या हिशेबात नव्हतं. मोटर थांबली तसं वरच्या टाक्यांतलं पाणी मोटरच्याच पाइपातून उलटं ओढलं जाऊन खाली यायला लागलं, बॅरल भरून वाहिले आणि शेडभर घोट्याएवढं पाणी झालं. काकांनी पँट दुमडली, वर चढून प्रत्येक टाकीतल्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली सुईनं एकेक भोक पाडलं आणि खाली उतरले. पुढच्या वेळी पाणी बोटभर उतरताच पाइपात हवा शिरली आणि ओढ तुटली.

"तुम्हाला हे कुठं कळलं?" मी विचारलं.

"माग चालतोय कसा हे सगळेच बघत्यात. बंद पडताना काय करतोय ते बघायचं असतं."

मी हे वाक्य ऐकून घेतलं आणि मिरजेला फोनवर बोलताना स्वतःचं म्हणून वापरलं.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं, आणि ते माझ्यामुळं चाललंय याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. एंजलच्या जोड्यांनी अंडी घातली, पिल्लं झाली, पिल्लांची नाण्याएवढी चकती झाली. काकू रोज सकाळी आंघोळ करून शेडमध्ये यायची, फडकं उचलायची, टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या बादलीत विसळायची आणि ती तपकिरी बादली आपल्या बॅरलमध्ये अलगद ओतायची. त्या बॅरलचं पाणी तळाला काळं आणि वरती नितळ होतं. कांड्यांवर शेवाळी, बुळबुळीत थर चढला होता. मला ते बघून शिसारी यायची.

पिल्लांत काही वाकडी निघतात. कुणाचा पर दुमडलेला, कुणाचा कणाच तिरका. त्यांना गिऱ्हाईक नसतं. मी अशी सोळा वेगळी काढली आणि काकूला म्हणालो, ही टाकून द्यायची.

"कुठं टाकायची?"

"टाकायची म्हणजे, टाकायची."

ती तांब्या घेऊन आली. सोळाही मासे तिनं अंगणातल्या हौदात नेऊन सोडले आणि त्या दिवसापासून जिवाणीतला एक तांब्या रोज हौदात जायला लागला. का, असं विचारल्यावर म्हणाली, परक्या पाण्यात राहतायत, घरचं थोडं असू दे. प्यायच्या पाण्यासाठी मग हौदाऐवजी नळाखाली वेगळं पिंप आलं. मी हौदावर खडूनं 'पांजरपोळ' असं लिहिलं. काकूनं ते वाचलं आणि खाली छोट्या अक्षरात 'आत हात घालू नये' असं स्वतः लिहिलं.

मग मुल्लाणींचा निरोप आला. रविवारी चारला येतो, माल बघतो, पसंत पडला तर दर पंधरा दिवसांनी गाडी. काकांनी निरोप दोनदा ऐकला. त्याच संध्याकाळी जिनगोंडांचा माणूस विचारायला आला होता. त्याला काकांनी सांगितलं, सोमवारी सांगतो.

शुक्रवारी सकाळी काका आणि काकू बाहुबलीच्या डोंगराला गेले. शनिवारी दुपारी येणार होते. जाताना काकूनं मला फडकं कसं विसळायचं ते दाखवलं. मी मान डोलावली.

एसटी सुटली असेल नसेल, मी शेडमध्ये गेलो आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. मिरजेचा एवढा मोठा व्यापारी येणार आणि त्याला आम्ही काय दाखवणार? शेवाळ धरलेल्या कांड्या आणि एक बॅरलभर चिखल. या दोन माणसांची अब्रू वाचवायची तर आता मीच होतो, दुसरं कुणी नव्हतं.

मी नळाला प्रेशरचा पाइप लावला. सहा पोती कांड्या अंगणात ओतल्या आणि एकेक कांडी धुतली. आठ तास लागले. फडकी वॉशिंग मशीनमध्ये घातली, पावडर टाकून. काकूचा बॅरल आडवा करून गटारीत रिकामा केला. तो पालथा होताना जो वास यायला पाहिजे होता तो आला नाही, पावसाळी मातीसारखा काहीतरी आला, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. संध्याकाळी सगळं पुन्हा जोडलं, मोटर लावली. कांड्या इतक्या पांढऱ्या की त्यांच्यावर पुन्हा सूत गुंडाळावं. मी बाराही टाक्यांचे फोटो काढले. पांजरपोळाकडं गेलो नाही, कारण तिथं हात घालू नये असं लिहिलं होतं.

शनिवारी सकाळी पाण्यात दूध मिसळल्यासारखं दिसत होतं. मी ठरवलं की प्रकाशामुळं असेल. अकराला सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मी ठरवलं की भूक लागली असेल आणि त्यांना खायला घातलं. एकाला पहिले चार आडवे झाले. दोनला काका आणि काकू आले तेव्हा मी गाळणीनं मासे काढून घमेल्यात ठेवत होतो, आणि घमेल्याचा तळ दिसेनासा झाला होता.

काका दारातच थांबले. पिशवी त्यांच्या हातातच होती.

"काय झालं?"

उत्तर माझ्याकडं तयार होतं. ते तयार करायला मला सकाळपासूनचा वेळ मिळाला होता. मी सांगितलं की काकूच्या बॅरलमधली घाण सडली, तिचं विष पाण्यात उतरलं. मला ते कालच दिसलं, म्हणून मी बॅरल रिकामा केला, कांड्या धुवून काढल्या, पण फार उशीर झाला होता. मी आधीपासून सांगत होतो, असंही म्हणालो. हे एकच वाक्य त्यात खरं होतं.

काका खाली बसले. काकू घमेल्याजवळ आली, वाकली आणि बघत राहिली. ती मोजत असावी असं मला वाटलं, पण तिचे ओठ हलत होते. ती नमोकार मंत्र म्हणत होती.

मग ती उठली आणि काकांना म्हणाली, "उद्यापासून वर्षभर एकाशन करणार मी."

एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. काका म्हणाले, तुला साखरेचा त्रास आहे, डॉक्टर काय म्हणाले होते. ती म्हणाली, डॉक्टरांचे मासे मेले नाहीत. आणि आत गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. दुसरंही काही वाटलं असेल तर ते मला आज आठवत नाही.

मुल्लाणींना येऊ नका म्हणून फोन करावा, असं मी सुचवलं. काका म्हणाले, दिलेली वेळ आहे, माणूस येऊ दे.

रविवारी ठीक चारला मुल्लाणी आले. मी ढेरीवाला शेठ धरून चाललो होतो. आला तो काटकुळा, पँट घोट्यापर्यंत दुमडलेला, साठीचा माणूस. येताना अंगण ओलांडायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. आत आल्यावर त्यांनी माशांकडं पाहिलंच नाही. तीनशेतले चाळीस उरले होते, त्यामुळं फार पाहण्यासारखंही नव्हतं. त्यांनी टाकीत बोट बुडवून वास घेतला. सम्पमध्ये हात घालून एक कांडी काढली, अंगठ्यानं चोळली, तिचाही वास घेतला. काका भिंतीशी उभे होते. काकू दारात.

"कांड्या कुणाची कल्पना?" मुल्लाणींनी विचारलं.

"माझी," काका म्हणाले, गुन्हा कबूल केल्यासारखं.

"चांगली हाय." त्यांनी कांडी उजेडात धरली. "काय स्वच्छ धुतलीय. कुणी धुतल्या?"

दोन दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच कामाची कदर केली होती. मी पुढं झालो.

"मी. एकेक करून. आठ तास लागले."

"नळाखाली?"

"प्रेशरनं."

"कवा?"

"शुक्रवारी. तुम्ही येणार म्हणून खास."

"आणि मासे कवा मरायला लागले?"

मी तोंड उघडलं. शनिवार हा शब्द किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं.

मुल्लाणींनी कांडी पुन्हा पाण्यात ठेवली. मग माझ्याशी न बोलता ते काकांशी बोलले, शांतपणे, घरातल्या लहान पोराच्या आजाराबद्दल मोठ्यांशी बोलावं तसं. कांडीवर बुळबुळीत थर असतो तोच फिल्टर, कांडी नव्हे. त्या थरात जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. माशांच्या घाणीचं विष तेच खातात. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं. नळाखाली धुतलं की ते जीव मेले, आणि ते मेले की मग मासे.

"फडकं कसं धुत होता रोजचं?" त्यांनी विचारलं.

काकूनं सांगितलं. टाकीच्याच पाण्यात, बादलीत, आणि ते पाणी परत बॅरलमध्ये.

"तुमाला कुणी शिकवलं, वहिनी?"

"आमच्यात तसंच करत्यात."

मुल्लाणींनी मान हलवली. "मला हे कळायला सात वर्षं लागली. दोनदा सगळी शेड रिकामी झाली माझी." मग ते म्हणाले, "बाहेरच्या हौदात सोळा एंजल हायत. एक नंबर तब्येत. ते कुणाचे?"

"माझे. वाकडे हायत," काकू म्हणाली. "विकायचे न्हाईत."

"मासे नकोत मला. तळाचा गाळ द्या बरणीभर. नवीन रॅक लावतोय, त्यात टाकतो."

काकूनं त्यांना लोणच्याची रिकामी बरणी धुवून, भरून, वर कापड बांधून दिली. तीन महिन्यांच्या आमच्या धंद्यात आमच्याकडून मिरजेला गेलेला हा एकमेव माल. जाताना त्यांनी काकांना सांगितलं की असाच चार बादल्या गाळ हौदातनं काढून सम्पमध्ये टाका, उरलेले मासे जगवा, कांड्यांवर थर चढू दे. वर्षभरानं पुन्हा येतो.

वर्षभरानं. काकांनी मान डोलावली.

गाडी गेली. अंगणात आम्ही तिघंच उरलो. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि ते दोघं हे ज्या सहजतेनं करत होते त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. काकूनं आभाळाकडं पाहिलं. सूर्य शेडच्या पत्र्यावर अजून वीतभर वर होता; तो मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत.

"माझ्या हातनं मेले न्हाईत," ती म्हणाली. "मग मी जेवायला हरकत न्हाई. दिवस हाय अजून."

"काकू, मी..." मी म्हणालो.

"तुझं तू बघ," ती म्हणाली. "आता ताटं घे."

मी ताटं घेतली. दोडक्याची भाजी होती आणि गरम भाकरी. काकू स्वतः आधी बसली आणि दुपारी जेवलेली असूनही नीट, सावकाश जेवली. मी एकच भाकरी घेतली. प्रायश्चित्त म्हणून यापलीकडं माझी तयारी नव्हती. 

काकांनी ताटातला शेवटचा घास घेतला, पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवला.

"उद्या सकाळी सातला डबा लागंल," ते म्हणाले. "जिनगोंडाकडं."

काकूनं ताटं गोळा केली. मग उठता उठता तिनं विचारलं, "एक का दोन?"

काकांनी तेव्हा, शनिवारनंतर पहिल्यांदाच, माझ्याकडं पाहिलं.

"दोन," ते म्हणाले.